रंगीत पानांची कर्दळ: गड्डा निवडण्यापासून वाटण्यापर्यंत

आजोळच्या घरामागे न्हाणीघराचं पाणी जिथे बाहेर पडायचं तिथे दोनच झाडं होती, अळू आणि कर्दळ. कोणी लावली, कधी लावली, कुणालाच आठवत नव्हतं. त्यांना कधी खत घातलं नाही की मुद्दाम पाणी घातलं नाही. सांडपाण्यावरच कर्दळ छातीइतकी वाढायची, आणि श्रावणात एखादं पान तोडून त्यावर नैवेद्य वाढला जायचा. पुढे पुण्यात एका नर्सरीत पट्ट्यापट्ट्यांची कर्दळ अडीचशे रुपयांना दिसली तेव्हा हसूच आलं. मोरीवरच्या झाडाला अडीचशे! घेतली मात्र. आणि त्या अडीचशे रुपयांत पहिली दोन वर्षं मी जे काही चुकत शिकले, ते तुम्हाला फुकट सांगते.

बागेत पानांचा रंग हवा म्हटलं की लोक कोलियसकडे वळतात. कोलियस सुंदरच, पण दर काही महिन्यांनी छाट लावून नवं करावं लागतं, आणि त्याची फुलं आपण खुडूनच टाकतो. कॅलेडियम थंडीत झोपतं आणि कुंडी रिकामी दिसते. क्रोटनला फूल येतं हे अनेकांच्या लक्षातही येत नाही. एकाच बुंध्यावर रंगीत पानही हवं, टपोरं फूलही हवं आणि दरवर्षी आपोआप परतणारं बेटही हवं, तर कर्दळीला तोड नाही. ती मूळची उष्ण अमेरिकेतली, पण आपल्याकडे इतकी रुजली की परदेशी आहे हे सांगूनही कुणाला पटत नाही. नात्याने ती हळद, आलं आणि केळ यांच्या गोतावळ्यातली. परसात हळद लावून काढलेल्या माणसाला अर्धी कर्दळ आधीच येत असते.

कोणती घ्यावी

नर्सरीत नावं क्वचितच धड लिहिलेली असतात. 'चॉकलेटी', 'पट्ट्याची', 'लाल पानाची' एवढ्यावरच व्यवहार होतो. म्हणून नावापेक्षा पान बघून ओळखायला शिका.

'प्रिटोरिया' म्हणजे हिरव्या पानावर पिवळ्या रेघा. पानाच्या मधल्या शिरेपासून कडेपर्यंत प्रत्येक उपशिरेवर बारीक रेघ, जणू कुणी फणी फिरवली आहे. फूल नारिंगी. हिलाच काही ठिकाणी 'बेंगाल टायगर' म्हणतात. नवख्या माणसाने इथूनच सुरुवात करावी, कारण ती दणकट आहे.

'ट्रॉपिकाना' किंवा 'फेजियन' ही दक्षिण आफ्रिकेतून आलेली. जांभळट पानावर गुलाबी, नारिंगी, पिवळट अशा रेघा, आणि फूल नारिंगीच. संध्याकाळचं तिरपं ऊन पानातून आरपार आलं की ही काचेच्या खिडकीसारखी दिसते. म्हणून ती पश्चिमेच्या कुंपणाशी लावावी, आपण पूर्वेकडून बघू अशी.

गडद पानांत जुनी 'किंग हंबर्ट' आहे, तांबूस-जांभळं पान आणि लालभडक नारिंगी फूल. 'वायोमिंग'चं पान तसंच, फूल नारिंगी. 'ऑस्ट्रेलिया' सगळ्यांत काळी, तिच्या पानावर चक्क तकाकी असते. उन्हाने पान फिकट पडतं ही तक्रार तिच्याबाबतीत सगळ्यांत कमी ऐकू येते.

'स्टटगार्ट' हिरव्या पानावर पांढरे पट्टे घेऊन येते आणि फोटोत सगळ्यांना भुरळ घालते. आपल्या उन्हात ते पांढरे भाग करपून कागदासारखे होतात. पांढऱ्या भागात हरितद्रव्यच नसतं, त्यामुळे त्याला उन्हाचा मारा सोसत नाही. सकाळचं दोन-तीन तास ऊन आणि नंतर सावली देता येत असेल तरच तिच्या नादी लागा.

उंचीही विचारून घ्या. बुटक्या जाती दोन-अडीच फुटांत थांबतात, पण प्रिटोरिया आणि गडद पानांच्या बऱ्याच जाती पाच-सहा फूट सहज जातात. गॅलरीत सहा फुटी कर्दळ वाऱ्याने कुंडीसकट आडवी होते.

पान वाचायला शिका

सगळ्यांत आधी शिकायची आणि मी सगळ्यांत शेवटी शिकलेली गोष्ट हीच. पिवळे पट्टे म्हणजे दरवेळी जात नसते. ते कधीकधी विषाणूही असतात.

माझ्या त्या अडीचशेच्या रोपाचं हेच झालं. पहिल्या पावसाळ्यात मी पट्टे बघून खूश होते. दुसऱ्या वर्षी पानं अरुंद, वेडीवाकडी निघाली, पिवळ्याच्या मध्ये तपकिरी सुकलेले तुकडे पडले, फुलं लहान आणि चट्ट्याचट्ट्यांची आली. खत कमी पडलं म्हणून खत घातलं. पाणी जास्त झालं म्हणून पाणी तोडलं. तोवर शेजारची साधी लाल कर्दळही तशीच दिसू लागली होती.

कर्दळीवर पिवळे चट्टे आणणारे अनेक विषाणू आहेत. त्यांतले काही मावा ही रस शोषणारी बारीक कीड एका झाडावरून दुसऱ्यावर नेते, आणि सगळेच आजारी गड्ड्यातून नव्या झाडात उतरतात. औषध नाही. कितीही महाग फवारणी केली तरी आतला विषाणू जात नाही.

खरा पट्टा आणि आजाराचा पट्टा ओळखायचा कसा? खरा पट्टा शिस्तीचा असतो. शिरेला धरून चालतो, मधल्या शिरेच्या दोन्ही बाजूंना सारखा दिसतो, आणि त्या बेटातल्या प्रत्येक पानावर तसाच येतो. आजाराची रेघ तुटक, ठिपक्याठिपक्यांची, एका बाजूला दाट आणि दुसऱ्या बाजूला विरळ. पान उन्हाकडे धरून बघा, फरक लगेच कळतो. गडद पानांत विषाणू ओळखणं अवघड जातं. तिथे पानाचा आकार बघा. पान पिळवटलेलं, आखूड, कडेला सुरकुतलेलं असेल तर घेऊ नका.

म्हणून कोरडा गड्डा विकत घेण्यापेक्षा पानं फुटलेलं रोप घ्यावं हे माझं मत. गड्डा तोंडाने काही सांगत नाही, पान सांगतं. ओळखीतून गड्डा मिळत असेल तर आधी त्यांच्या घरी जाऊन झाड बघून या, चहा पण होईल.

लावणी

आपल्याकडे दोन हंगाम चांगले. एक म्हणजे वळवाचे एक-दोन पाऊस होऊन मृग लागतो तेव्हा, मे अखेर ते जून. दुसरा फेब्रुवारी-मार्च, थंडी ओसरल्यावर. कोकणात पावसाच्या ऐन भरात लावू नये. कोंब फुटायच्या आत गड्डा थंड चिखलात पडून राहिला तर कुजतो. वाढलेली कर्दळ पाण्यात पाय बुडवून उभी राहते, पण झोपलेल्या गड्ड्याला तेच पाणी मारतं. या फरकाकडे दुर्लक्ष केल्याने बरेच गड्डे फुकट जातात.

जागा उन्हाची हवी, निदान पाच-सहा तास. गडद पानांचा तांबूस रंग उन्हात चढतो आणि सावलीत उतरतो. पानात अँथोसायनिन नावाचं रंगद्रव्य तयार होतं ते उजेड असेल तरच भरपूर. तुमची 'चॉकलेटी' कर्दळ हिरवट पडत असेल तर खत बदलू नका, जागा बदला. विदर्भ-मराठवाड्यात मात्र एप्रिल-मेमधलं दुपारचं ऊन पट्टेरी पानांच्या कडा जाळतं. तिथे दुपारपुरती हिरव्या जाळीची सावली करावी.

खड्डा फूटभर खोल आणि तेवढाच रुंद. त्यात एक घमेलं चांगलं कुजलेलं शेणखत आणि दोन मुठी निंबोळी पेंड. अर्धकच्चं शेणखत घातलंत तर मुळं खाणाऱ्या हुमणी अळीला आमंत्रण. देशावरच्या काळ्या भारी मातीत थोडी जाड वाळू आणि पालापाचोळ्याचं खत मिसळा आणि जागा वीतभर उंच करा. कोकणातल्या जांभ्याच्या मातीत पाणी थांबत नाही, तिथे खताचं प्रमाण वाढवा.

गड्डा आडवा ठेवायचा, डोळे (जिथून कोंब फुटतो ते टोकदार उंचवटे) वर. वर तीन ते चार इंच माती. बुटक्या जातींत दीड फूट अंतर, उंच जातींत दोन ते अडीच फूट. सुरुवातीला रिकामं दिसतं म्हणून जवळजवळ लावायचा मोह होतो. दोन पावसाळ्यांनी तुम्हीच कुदळ घेऊन उभे राहाल.

एकदा पाणी देऊन माती दाबा आणि मग कोंब दिसेपर्यंत हात आखडता ठेवा, फक्त ओल राखायची. दोन-तीन आठवड्यांत टोकदार गुंडाळीसारखा कोंब वर येतो. पान उलगडलं की पाणी वाढवा. फुलाला साधारण अडीच-तीन महिने लागतात.

कुंडीत लावायची असेल तर चौदा इंचांपेक्षा लहान नको. अर्धा कापलेला पाण्याचा निळा पिंप सगळ्यांत उत्तम. दोन भाग माती, एक भाग शेणखत किंवा गांडूळखत, एक भाग कोकोपीट. उन्हाळ्यात कुंडीला रोज पाणी लागतं, कधी दोनदा.

वर्षभराची निगा

कर्दळ खादाड आहे. वाढीच्या काळात महिन्यातून एकदा बुंध्याभोवती दोन मुठी गांडूळखत किंवा शेणखत टाका, किंवा जीवामृत (शेण, गोमूत्र आणि गूळ आंबवून केलेलं पातळ खत) ओता. नत्र मात्र आवरून द्या. युरिया टाकला की झाड हिरवंगार, मांसल आणि उंच होतं, फुलं मागे पडतात आणि गडद पानाचा रंगही फिका वाटायला लागतो. चुलीची राख मिळत असेल तर मूठभर द्या, पालाश मिळतं.

फुलांची छाटणी हा वेगळा विषय, कारण कर्दळीचं फूल फसवं आहे. आपण ज्यांना पाकळ्या म्हणतो ते खरे तर रूप पालटलेले पुंकेसर असतात. खऱ्या पाकळ्या खाली बारीक, हिरवट, दुर्लक्षित. एक फूल दिवस-दीड दिवस टिकतं आणि मग ओलं फडकं लोंबावं तसं चिकटून राहतं. अशी सुकलेली फुलं पानांवर पडून राहिली तर तिथे बुरशी धरते. रोज चिमटीने काढा.

एका दांड्यावरची फुलं संपली की तो दांडा सगळाच कापू नका. खाली पानाच्या बेचक्यात दुसरा कोंब असतो, त्यावर पुन्हा फुलं येतात. दुसराही संपला की मग अख्खं खोड जमिनीलगत कापा. एकदा फुलून संपलेलं खोड पुन्हा फुलत नाही, केळीसारखंच. ते उभं ठेवलं तर बेटात गर्दी वाढते आणि नव्या कोंबांना उजेड मिळत नाही.

पाण्यासाठी तुमच्या घराचं सांडपाणी वापरता येईल. आजोळच्या मोरीवरचा धडा पुढे शास्त्रानेही उचलला. मुळांच्या थरातून सांडपाणी गाळून शुद्ध करायच्या प्रकल्पांत कर्दळ आवर्जून लावतात. घरी फक्त फिनेल आणि ब्लीच त्या पाण्यात जाऊ देऊ नका.

गड्डा फोडणं

तीन वर्षांनी बेटाच्या मधोमध टक्कल पडतं, फुलं कडेकडेलाच येतात आणि पानं लहान होतात. कुंडीत हे दोन वर्षांतच होतं. मग गड्डे काढून वाटायची वेळ आली. मी हे फेब्रुवारीच्या शेवटी करते. मृगाच्या तोंडावरही चालतं.

आदल्या दिवशी पाणी द्या, म्हणजे माती वाफशावर येते आणि गड्डा तुटत नाही. दुसऱ्या दिवशी सगळी खोडं वीतभर ठेवून कापा. बुंध्यापासून फूटभर लांब कुदळीने गोल खणत जा आणि अख्खं बेट उचलून घ्या. जोर लागतो. एकटीने ओढताना मी दोनदा मागे पडले आहे.

आता पाइपने धुवा. धुतल्याशिवाय डोळे दिसत नाहीत, आणि न बघता कापलेले तुकडे बहुधा आंधळे निघतात. डोळा म्हणजे गुलाबीसर टोकदार उंचवटा, हळदीच्या गड्ड्यावर असतो तसाच. नवे गड्डे घट्ट आणि आतून मलईसारखे पांढरे. जुने तपकिरी, पोचट, दाबले की बसणारे. ते सरळ टाकून द्या, जपून ठेवू नका.

धारदार सुरी स्पिरिटने पुसून घ्या किंवा गॅसवर धरून गार करा. प्रत्येक बेटानंतर पुन्हा पुसा. प्रत्येक तुकड्याला दोन ते तीन ठसठशीत डोळे आणि थोडी मुळं हवीत. एका डोळ्याचा तुकडाही फुटतो, पण वर्षभर अंग धरत नाही. कापलेल्या बाजूला चुलीची राख किंवा हळद लावा, नाहीतर ट्रायकोडर्मा या कूज रोखणाऱ्या उपयोगी बुरशीच्या पाण्यात अर्धा तास बुडवा. मग दोन दिवस सावलीत पसरून ठेवा, काप सुकू द्या. ओला काप तसाच मातीत गेला तर कूज तिथूनच सुरू होते.

तुकडे कापता कापताच चिठ्ठ्या लावा. गड्ड्यांवरून कोण गडद आणि कोण पट्टेरी हे नंतर देवही सांगू शकणार नाही. दह्याच्या डब्याच्या प्लास्टिकच्या पट्ट्या आणि काचेवर लिहायचं मार्कर पेन पुरतं.

'क्लिओपात्रा' नावाची एक जात असेल तर जरा थांबा. हिच्या हिरव्या पानावर जांभळे डाग आणि पट्टे असतात, फुलंही अर्धी पिवळी, अर्धी लाल. एकाच झाडात दोन जातींच्या पेशी एकत्र नांदतात, म्हणून हा प्रकार होतो. गड्डा फोडला की काही तुकड्यांतून निव्वळ हिरवं झाड उगवतं. त्यामुळे तिचं बेट पानं असतानाच बघून ठेवा आणि ज्या खोडावर दोन्ही रंग ठळक आहेत त्याच्या खालचा गड्डाच वेगळा काढा.

बियांचं काय

साध्या लाल कर्दळीला काटेरी बोंडं धरतात आणि आत काळ्या, गोल, दगडासारख्या बिया. इंग्रजांनी तिला छऱ्याचं नाव दिलं ते यावरूनच. पण बागेतल्या कित्येक संकरित जातींना बीच धरत नाही. लखनौच्या वनस्पती उद्यानात (आजची राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्था) त्रिलोकीनाथ खोशू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्दळीच्या गुणसूत्रांचा अभ्यास केला होता. साध्या कर्दळीत गुणसूत्रं १८, म्हणजे नऊ-नऊचे दोन संच, तर अनेक संकरित जातींत २७, म्हणजे तीन संच. तीन संच असले की जोड्या नीट जुळत नाहीत आणि बी पोचट राहतं. अशा जातींचा वंश गड्ड्यावरच चालतो. बी धरलं तरी पट्टेरी पान बियांतून जसंच्या तसं उतरेल या भरवशावर राहू नका.

तरी एक बाजू आहे. गड्ड्यापेक्षा बियांतून विषाणू येण्याचा धोका बराच कमी. गडद पानांच्या कर्दळीचं बी पेरलं तर थोडी रोपं तांबूस निघतात, त्यांतलं आवडेल ते ठेवायचं. बीचं कवच काचपेपरवर पांढरं दिसेपर्यंत घासा, डोळ्याच्या खुणेला धक्का लावू नका. कोमट पाण्यात चोवीस तास भिजवा. फुगलेलं बी अर्धा इंच खोल पेरा. उबदार जागी आठवडा-दोन आठवड्यांत उगवतं. न घासता पेरलेलं बी महिनोन्महिने तसंच पडून राहतं.

दुखणी

पावसाळ्यात गोगलगायी. रात्री नऊनंतर टॉर्च आणि मिठाच्या पाण्याची बादली घेऊन फिरा, याहून खात्रीचा उपाय मला सापडला नाही. पान उलगडायच्या आधीच आत शिरणारी अळी पान गुंडाळून खाते आणि नंतर उलगडलेल्या पानावर ओळीने भोकं दिसतात. गुंडाळी बोटाने उघडून अळी काढा. मावा दिसला की लगेच पाच टक्के निंबोळी अर्क किंवा साबणाचं पाणी फवारा, कारण विषाणू नेणारा तोच. पानाच्या खालच्या बाजूला नारिंगी पूड दिसली तर तो तांबेरा. ती पानं कापून जाळा, पाणी बुडाशी द्या, बेट विरळ करा.

विषाणूचं झाड दिसलं तर गड्ड्यासकट उपटा आणि जाळा किंवा कचऱ्यात बांधून द्या, खतखड्ड्यात मुळीच नको. मी माझं अडीचशेचं झाड आणि शेजारची लाल कर्दळ दोन्ही उपटली तेव्हा वाईट वाटलं. त्या जागी वर्षभर झेंडू लावला, आणि मातीत राहिलेले गड्ड्यांचे तुकडे कोंब काढतील तसे उचलत राहिले.

थंडीच्या गावात

आपल्याकडे निफाडसारख्या ठिकाणी पारा चार-पाच अंशांपर्यंत उतरतो. पानं काळी पडली तर घाबरू नका, ती कापा आणि बुंध्यावर उसाच्या पाचटाचा जाड थर टाका. गड्डा खाली सुखरूप असतो. न्यू जर्सीतल्या माझ्या मावसबहिणीला मात्र हे जमत नाही, तिकडे जमीनच गोठते. ती पहिल्या हिमकणांनी पानं काळवंडली की गड्डे खणून काढते, माती झटकून आठवडाभर सुकवते आणि किंचित ओलसर कोकोपीटमध्ये घालून तळघरात सात ते दहा अंशांना ठेवते. महिन्यातून एकदा चाचपून बघायचं. सुरकुतले तर शिंपडायचं, मऊ पडले तर तेवढे काढून टाकायचे. मे महिन्यात ते पुन्हा बाहेर येतात.

या फेब्रुवारीत माझ्या एका प्रिटोरियाच्या बेटातून अकरा तुकडे निघाले. तीन ठेवले, आठ वाटले. मागायला येणाऱ्याला मी आधी उभं झाड दाखवते, पानं उन्हाकडे धरून, आणि मगच कुदळ घेते.